अल्टरनेटरची शिट्टी आणि खर्जाची तार

"गुरुजी आलाप लावतात आणि मागून कुणीतरी शिट्टी वाजवतं. गाडी पळवली की शिट्टीचा सूर चढतो." गाडीच्या टेपवर (म्युझिक सिस्टिमवर) आयपॉडमधलं गुरुजींचं गाणं लावलं की शिट्टी येते, ही तक्रार घेऊन या बाई माझ्याकडे आल्या. त्या गाणं शिकवतात, त्यामुळे निम्मं निदान त्यांनीच करून आणलं होतं. इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी बहुतेक वेळा अल्टरनेटरची असते, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राची. बारा पोलचा (चुंबकी ध्रुवांचा) अल्टरनेटर एका फेरीत विजेचे ३६ ठोके देतो. तो इंजिनाच्या अडीचपट वेगाने फिरतो असं धरलं, तर इंजिनाच्या ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्यांना) १२०० हर्ट्झची शिट्टी होते आणि २००० आरपीएमला ३००० हर्ट्झची. माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो ३००० हर्ट्झच्या आसपासच.

पुण्यात नाना पेठेतल्या ज्या दुकानात त्या आधी गेल्या होत्या, तिथे आधी "आयपॉड जुना झालाय" असं सांगितलं आणि मग टेपच बदलून दिला. नव्या टेपवर तीच शिट्टी. मला याचाच राग येतो. दोन मिनिटं आवाज ऐकायचा, तर त्याऐवजी गिऱ्हाइकाच्या खिशातून हजारो रुपये काढायचे.

बाईंचा आयपॉड क्लासिक आहे, आत फिरती डिस्क असलेला. गुरुजींच्या तालमीच्या कॅसेटी त्यात उतरवून घेतल्या आहेत, तासातासाचे तुकडे. मध्येच गाडी बंद केली तरी तुकडा पुन्हा त्याच जागेवरून सुरू होतो, म्हणून पेनड्राइव्ह त्यांना नको. आयपॉडचं गाणं गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर त्यांनी वापरून पाहिला होता. शहरात ९१.१, ९८.३, १०१ अशी स्टेशनं जोरात लागतात, त्यांच्यामधली मोकळी जागा शोधावी लागते, आणि मिळाली तरी तानपुऱ्यावर खरखर बसतेच. तेव्हा आयपॉड थेट टेपला जोडणारी ऑक्सची वायर हाच खरा मार्ग होता.

पहिली चाचणी फुकटची आहे. चार्जिंग काढून आयपॉड स्वतःच्या बॅटरीवर चालवला, शिट्टी गेली. चार्जिंग परत लावलं, आली. मग आयपॉड बाजूला ठेवून ऑक्सच्या जॅकमध्ये तिन्ही टोकं एकत्र डाग दिलेली पिन घातली आणि रेस दिली. टेप गप्प. म्हणजे टेप आणि स्पीकर दोन्ही निर्दोष. जुना टेपही निर्दोषच असणार.

दुसरी खूण जास्त बोलकी होती. चार्जिंग चालू असताना काही मिनिटांनी एक बारीक 'टक-घर्रर' यायचं. आयपॉडची डिस्क पुढचा मजकूर मेमरीत ओढते तेव्हा क्षणभर जास्त करंट घेते, त्याचा हा आवाज. आयपॉडच्या आतली हालचाल स्पीकरवर ऐकू येत असेल, तर चार्जिंगचा परतीचा करंट गाण्याच्या वायरीतूनच जातोय.

कारण असं. चार्जर अर्थ (गाडीच्या बॉडीतून परत जाणारा निगेटिव्ह) घेतो लायटर सॉकेटमधून, टेप घेतो दुसरीकडून. बॉडीवरच्या या दोन जागांमध्ये थोडा व्होल्टेज फरक राहतो. ऑक्स वायरची जाळी (आतल्या तारांभोवतीचं धातूचं आवरण) या दोन्ही जागा जोडते, फरकाचा करंट जाळीतून वाहतो आणि टेपला तो गाण्यासारखाच दिसतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन चालू ठेवून टेपची बॉडी आणि सॉकेटचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावला: एसी २२ मिलिव्होल्ट. लाइन-आउटचा (आयपॉडमधून टेपला जाणारा) सिग्नल भरात असतो तेव्हा साधारण एक व्होल्ट, पण आलापाच्या आरंभी तोही वीस-तीस मिलिव्होल्टवर उतरतो. शिट्टी आणि गुरुजी जवळजवळ बरोबरीला आले होते.

सोपा उपाय म्हणजे ऑक्स वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घालणं, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरने दोन्ही बाजूंचे अर्थ तोडणारी डबी. तो घालून पाहिला, शिट्टी साफ गेली. बाई अर्धा मिनिट ऐकून म्हणाल्या, "खर्ज कुठे गेला?" आणि खरंच गेला होता. गुरुजींचा सा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा), म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची, सगळ्यात खालच्या साची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. स्वस्त आयसोलेटरमधले नखाएवढे ट्रान्सफॉर्मर नेमका तोच पट्टा खातात. फिल्मी गाण्यांना हे कळणारही नाही. मी तो काढून टाकला आणि डॅश उघडला.

आत जे दिसलं ते लिहायलाच हवं. कंपनीचं कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापलेलं, वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि काळी अर्थची वायर एका रंगवलेल्या ब्रॅकेटच्या स्क्रूखाली दाबलेली. रंगावर अर्थ लागतच नाही, लागतो तो स्क्रूच्या आट्यांमधून, थोडासा. शे-दोनशे रुपयांचं जोड कपलर मिळतं, ते वापरलं असतं तर गाडीची मूळ वायरिंग शाबूत राहिली असती.

डॅशमागच्या आडव्या लोखंडी पाइपवरचा एक बोल्ट निवडला. तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत घासला. टेपचा अर्थ २.५ चौरस मिमी वायरीने, थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबून आणि डाग देऊन, त्या बोल्टवर आणला. लायटर सॉकेट सोडून दिलं. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरचं निगेटिव्ह त्याच बोल्टवर घेतलं आणि पॉझिटिव्ह टेपच्या लाल वायरीवरून, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज टाकून. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वर पेट्रोलियम जेली लावली, नाहीतर ओल लागून दोन पावसाळ्यांत तिथेच गंज चढतो. मीटर एक मिलिव्होल्टच्या खाली आला. शिट्टी आणि 'टक-घर्रर' दोन्ही गेले, खर्ज जागेवर.

हेडफोनच्या भोकातून वायर घेणाऱ्यांनी प्लेअरचा आवाज पाऊण ठेवावा आणि उरलेला टेपवर वाढवावा. पूर्ण ठेवला तर बऱ्याच टेपवर आवाज फाटतो.

आयपॉड क्लासिक २०१४ मध्येच बंद झाला आणि फिरती डिस्क कधीतरी जातेच, म्हणून त्या तालमी आधी उतरवून घ्या असं बाईंना बजावून सांगितलंय. कॉम्प्युटरला लावून लपलेले फोल्डर दाखवले की आत चार अक्षरांच्या विचित्र नावांच्या फाइली दिसतात, गाणी तीच.

एक गोष्ट राहिली आहे. इंडिकेटर चालू असताना, अगदी शांत जागी, अजून मंद टिकटिक येते. कन्व्हर्टरची वायर मी इंडिकेटरच्या वायरींच्या जुडीबरोबर बांधली आहे, संशय तिच्यावरच आहे. पुढच्या वेळी गाडी आली की ती ग्लोव्हबॉक्सच्या बाजूने वेगळी फिरवणार.