काउंटरमागचं स्टूल

परवा डॉक्टरांनी पायात घालायचे ते घट्ट मोजे लिहून दिले, व्हेरिकोज व्हेन्स म्हणे, पायातल्या शिरा फुगतात ते. मी म्हटलं अहो मी तर आता घरीच असते, तर विचारलं आधी काय करत होतात? साडीच्या दुकानात, नऊ वर्षं. मग ते नुसतं "हं" म्हणाले, त्यात सगळं आलं.

लक्ष्मी रोडला होतं दुकान, नाव नाही सांगत. सकाळी साडेदहाला उभं राहायचं ते रात्री नऊपर्यंत, गिऱ्हाईक असो नसो. काउंटरमागे एक स्टूल होतं पण ते वरच्या रॅकमधल्या पैठण्या काढायला, म्हणजे चढायची परवानगी, बसायची नाही :) एकदा एक जण पोटात दुखतंय म्हणून पाच मिनिटं त्यावर टेकली तर लगेच वरून शेठचा फोन, कॅमेऱ्यात दिसली होती ना. मग आम्ही काय करायचो, एक चप्पल काढून एका पायावर भार, मग दुसऱ्या, बगळ्यासारखं. आणि पाणी कमी प्यायचं कारण बायकांचं बाथरूम तिसऱ्या मजल्यावर आणि गेलं की "परत?"

जुन्या दुकानांत हे असं नव्हतं हो. पांढरी गादी, गिऱ्हाईकही बसलेलं, दाखवणाराही मांडी घालून. काउंटर आणि टाइल्स आल्या आणि आम्ही उभ्या राहिलो, आता म्हणे बसलेली मुलगी आळशी दिसते.

डॉक्टरांनी समजावलं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. चालताना पोटरी आवळते आणि पायातलं रक्त वर ढकलते, एका जागी उभं राहिलं की तो पंप जवळजवळ बंद, रक्त खाली साचतं आणि शिरांमधल्या झडपा ढिल्या पडतात. दिवसभर हिंडणाऱ्या भाजीवालीपेक्षा माझे पाय वाईट, बोला.

केरळात बायका यावर भांडल्या. कोझिकोडच्या विजी, स्वतः शिवणकाम करणाऱ्या, त्यांनी दुकानातल्या बायकांना गोळा केलं, सुरुवात बाथरूमपासूनच (वाचून हसूच आलं, तिसरा मजला आठवला), मग खुर्चीपर्यंत आल्या. 2018 ला तिथला कायदा बदलला, दुकानात बसायची सोय द्यायलाच लागते. 2021 ला तामिळनाडूनेही केलं. आणि मागणी काय तर बूड टेकायला जागा!

गेल्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला गेले. समोरची मुलगी विशी-बाविशीची, खाली बघितलं तर एक चप्पल काढलेली. बस गं म्हटलं, तर ती हसली आणि वर कॅमेऱ्याकडे बघितलं. मी दोनच साड्या उघडायला लावल्या, एक घेतली आणि दुसरीची घडी मीच घातली. ती म्हणाली, काकू, तुम्ही पण दुकानात होता का?