हे कोलॅजेनच आहे कशावरून?

उंदराच्या त्वचेवरची जखम भरताना तिथे कोलॅजेनचे, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे कसे विणले जातात, हा माझ्या पीएचडीचा विषय. सुरुवातीला मी पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीच्या पाच मायक्रॉनच्या चकत्या रंगवून बघायचे. इतक्या पातळ कापात धागा कुठून आला, कुठे गेला, काहीच कळायचं नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "मल्टिफोटॉन सूक्ष्मदर्शकावर बघ. रंग लावूच नकोस."

त्यात लेझरचे जेमतेम शंभर फेमटोसेकंदांचे, म्हणजे अतिशय क्षणिक, स्पंद एका बिंदूवर एकवटले, की तिथे दोन फोटॉन (प्रकाशकण) जवळजवळ एकाच क्षणी रेणूपर्यंत पोचतात. मारिया गेपर्ट-मायर यांनी हे १९३१ साली प्रबंधात निव्वळ गणिताने मांडलं होतं. त्यावर चालणारा सूक्ष्मदर्शक कॉर्नेल विद्यापीठात तयार व्हायला १९९० साल उजाडलं. पेशीच्या ऊर्जानिर्मितीत लागणारा रेणू, एनएडीएच, हे दोन फोटॉन शोषून निळसर चमकतो. कोलॅजेनचा मुख्य सिग्नल मात्र शोषणातून येत नाही. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश त्यात शिरला की त्याच्या नेमक्या निम्म्या तरंगलांबीचा, ४०० नॅनोमीटरचा, प्रकाश बाहेर पडतो. हेच सेकंड हार्मोनिक.

माझं पहिलं चित्र सुंदर आलं. निळ्या चॅनेलमध्ये सगळी त्वचा उजळली होती. लॅबमधल्या सीनियर दादाने ते पाहून एवढंच विचारलं, "हे कोलॅजेनच आहे कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नीट पाहिलं तर धाग्यांसोबत पेशीही दिसत होत्या, आणि पेशींमधून सेकंड हार्मोनिक यायचं काही कारण नव्हतं. डिटेक्टरपुढचा फिल्टर काढून पाहिला. तो ४६० नॅनोमीटरपर्यंतचं सगळंच आत सोडत होता, म्हणजे एनएडीएचची निळसर चमकही. शिवाय माझा तुकडा फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात ठेवलेला, आणि फॉर्मॅलिनने ऊती स्वतःच चमकायला लागतात. तीन आठवड्यांची चित्रं बाद झाली. त्या रात्री मी खरंच रडले.

मग मुळापासून सुरुवात केली. फिल्टर ३९० ते ४१० चा बसवला. आधी त्वचा नाही, तर उंदराच्या शेपटीचा ताजा स्नायुबंध घेतला, कारण तो जवळजवळ निव्वळ कोलॅजेनच. ८०० वर लाटांसारखे वळलेले धागे स्वच्छ दिसले. लेझर ८४० वर नेला आणि पडदा काळा झाला: सिग्नल ४२० वर गेला होता, फिल्टरच्या बाहेर. पुन्हा ८०० वर आले, धागे परत हजर. नुसती चमक असती तर ती लेझरबरोबर अशी नेमकी सरकली नसती. दादाच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. तेव्हापासून प्रत्येक नमुन्याचं ८४० वरचं काळं चित्रही मी घेतेच.

त्वचेवर आल्यावर काळ्या उंदराच्या केसांनी छळलं. त्यातलं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य लेझर शोषून तापतं; एकदा तर डोळ्यांदेखत ऊतीत बुडबुडा फुटला. मुळांसकट केस काढणं आणि पॉवर कमी ठेवणं, याला पर्याय सापडला नाही.

अखेर बर्फावर आणलेल्या ताज्या तुकड्यात जखमेची कड सापडली. एका बाजूला निरोगी त्वचा, टोपलीच्या विणीसारखी चहूकडून गुंफलेली. दुसऱ्या बाजूला व्रण, आणि त्यातले सगळे धागे एकाच दिशेला आडवे पडलेले. मी खोलीत एकटीच होते. तसाच फोन केला मॅडमना, रात्री साडेदहाला.