सोलांची राखण

मे महिन्यात गोव्यातल्या प्रियोळच्या घरी गेलो की मला एकच काम मिळते. अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांची राखण. "सोलांचेर नदर दवर रे," म्हणत आई आत जाते आणि मी सोप्यावर खुर्ची टाकतो. गावाला राखणदार देव आहे, पण त्याची पाळी रात्रीची. दुपार माझी.

भिंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, परत बुडवायच्या. इतक्या दिवसांची मेहनत एका सरीने वाया जाते. पारा तेहतीस-चौतीसचा, म्हणजे नागपूरकरांनी हसावे असाच. पण हवेत ओल एवढी, की सदरा पाठीला आणि सोलं सुपाला चिकटलेली.

मानकुराद आंब्याच्या खालच्या फांदीवर हुमल्यांनी, म्हणजे तांबड्या मुंग्यांनी, घर बांधायला काढले आहे. एकमेकांच्या कमरा धरून ते साखळी करतात आणि दोन पाने जवळ ओढतात. शिवायला यांच्याकडे धागा नसतो. तो असतो अळीकडे. मग अळीलाच जबड्यात धरून या पानावरून त्या पानावर धोट्यासारखी फिरवायची. घरचे लेकरू हाच सुईदोरा! नीट बघावे म्हणून फांदीखाली गेलो, तर एकाने मानेला कडकडून चावा घेतला. राखणदाराने जागा सोडू नये.

फणसावर कोकीळ सकाळपासून कोकलतो आहे. त्याची ठिपकेवाली बायको पानांत गप्प बसून शेंड्यावरच्या कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून आहे. कावळ्याचे घरटे उंच म्हणजे पाऊस कमी, असे शेजारचे काका दरवर्षी सांगतात. 2025 साली मान्सून 24 मेलाच केरळात येऊन थडकला. त्या साली घरटे कुठल्या फांदीवर होते, हे मात्र त्यांना आठवत नाही.

चारच्या सुमाराला सह्याद्रीच्या बाजूने ढग चढले. वारा पडला. लांब कुठेतरी गडगडले आणि मी सुपे घेऊन धावलो. तीन खेपा झाल्या, गुडघा उंबऱ्यावर आपटला. अंगणात मोजून सात थेंब पडले असतील. मग परत ऊन.

"इतल्या बेगीन काढलीं?" आईने विचारले.

एक सोल अंगणातच राहिले होते. कावळ्याने ते उचलले, चोचीत घोळवले आणि टाकून दिले.