माफ केलेल्या कराचा हिशेब

सरकारने एखाद्या उद्योगाला दहा लाख डॉलर रोख दिले, तर ती रक्कम अर्थसंकल्पात छापली जाते, तिच्यावर चर्चा होते आणि मुदत संपली की ती पुन्हा मंजूर करून घ्यावी लागते. तेवढाच कर माफ केला, तर कायद्यात एक कलम वाढते आणि पुढे त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. अमेरिकी अर्थ खात्यातील अधिकारी स्टॅन्ली सरी यांनी १९६७ मध्ये अशा सवलतींना ‘कर-खर्च’ हे नाव दिले. १९७४ च्या कायद्याने त्यांची यादी संघराज्याच्या अर्थसंकल्पासोबत देणे बंधनकारक झाले, आणि आज तेथील बहुतेक घटकराज्येही असे अहवाल काढतात.

या अहवालांतील आकडे मात्र जपून वाचावे लागतात. सवलत काढून टाकली तर तेवढाच महसूल हाती येईल, असा त्यांचा अर्थ नसतो, कारण करदाते आपले व्यवहार बदलतात. शिवाय दोन सवलती एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे त्यांची सरळ बेरीजही करता येत नाही. याहून मोठी उणीव अशी की, किती महसूल सोडला एवढे कळले तरी तो कशासाठी सोडला आणि ते साधले का, हे त्यातून कळत नाही. मिनेसोटा आणि टेक्सास ही राज्ये कराचा बोजा अखेर कोणत्या उत्पन्नगटावर पडतो याचाही अभ्यास प्रसिद्ध करतात. वॉशिंग्टन राज्याने २००६ पासून सवलतींची नियमित तपासणी सुरू केली, आणि २०१३ च्या कायद्याने नव्या सवलतीचा हेतू व कसोटी आधीच लिहून देणे आवश्यक केले. वेगळी तरतूद नसेल, तर अशी सवलत दहा वर्षांनी आपोआप संपते. ही मुदतीची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे सवलत टिकवायची असेल तर पुन्हा बाजू मांडण्याची जबाबदारी लाभार्थ्यावर येते.

स्थानिक पातळीवरचा गुंता याहून अवघड आहे. नगरपालिका किंवा काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक प्रशासनाचा घटक) कारखान्याशी करार करून मालमत्ता कर कमी करते आणि तूट अनेकदा त्याच करावर चालणाऱ्या शाळा मंडळाला सोसावी लागते, ज्याची त्या करारावर सहीसुद्धा नसते. सरकारी लेखांकनाचे मानदंड ठरवणाऱ्या मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या ७७ व्या मानदंडाने, दुसऱ्या संस्थेच्या करारामुळे बुडालेली रक्कमही शाळा मंडळासारख्या संस्थांनी स्वतःच्या वार्षिक लेख्यांच्या टिपांत दाखवणे अपेक्षित केले. (टिपा वाचतो कोण, हा प्रश्न आहेच.) पण सर्व करारांची रक्कम एकत्र दाखवण्याची मुभा त्यात आहे आणि लाभार्थी कंपनीचे नाव देण्याची सक्ती नाही, त्यामुळे शाळेचे किती डॉलर गेले ते पालकांना कळते, ते कोणाकडे गेले हे मात्र त्या टिपेत सापडेलच असे नाही.