मागे कोण उभं राहतं

रविवार, रात्री नऊ

मोटरहोमचा मागचा कॅमेरा गेलाय. म्हणजे गुरुवारीच गेला, पण मी तीन दिवस मनातल्या मनात म्हणत होतो की येईल आपोआप. रिव्हर्स टाकला की स्क्रीन निळा आणि वर पांढऱ्या अक्षरात नो सिग्नल. बास. बाकी सगळं ठीक. गाडी चालू, मी चालू.

काल फोनवर हिला सहज सांगितलं तर हसली आणि म्हणाली, "मग आता मागे कोण उभं राहतं?" आणि लगेच आईंच्या गोळ्यांचं सांगायला लागली, वॉकर कुठला घ्यायचा, तिकीट परत पुढे ढकललंय, वगैरे. मी हो हो केलं. पण ते वाक्य दातात बडीशेप अडकावी तसं कालपासून अडकलंय, जीभ तिथेच जाते.

कोणी उभं राहत नाही. काय सांगणार? गुरुवारी टायर दाखवून आलो आणि घरासमोर रिव्हर्स घ्यायला मला वीस मिनिटं लागली. पाच वेळा खाली उतरून मागे जाऊन बघून आलो. सात मीटर लांब गाडी, मागच्या बाजूला बाथरूम, त्यामुळे आतल्या आरशात बघितलं की संडासाचं दार दिसतं, रस्ता नाही. समोरच्या घरातले आजोबा पडदा बाजूला करून बघत होते. बघा म्हटलं, फुकट आहे.

मला नक्की कसलं वाईट वाटलं ते शोधतोय. रिव्हर्स येत नाही याचं? येतो की. आरशात बघून आयुष्यभर गाड्या मागे घेतल्यात. पण तीन वर्षं स्क्रीनकडे बघायची सवय लागली आणि परवा तो निळा झाल्यावर मान वळवायची सुद्धा विसरल्यासारखी झाली, हात स्टिअरिंगवर तसेच. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, हायवे कोडच्या २०२ नंबरच्या नियमात सरळ लिहिलंय, मागचं नीट दिसत नसेल तर कोणाला तरी उभं करा. लायसन्सच्या वेळी पाठ केलं होतं. कोणाला, ते लिहिलेलं नाही.

असो. कॅमेरा.

आज सकाळपासून मागे लागलो. आधी फ्यूज, तो ठीक. मॉनिटर निळा म्हणजे मॉनिटरला वीज आहे, नुसतं चित्र पोचत नाहीये. मग घोळ एकतर लांब केबलमध्ये, नाहीतर कॅमेऱ्यात, नाहीतर कॅमेऱ्याच्या विजेत. मॉनिटर काढून मागे नेला आणि छोट्या केबलने थेट कॅमेऱ्याला लावला. तरी निळाच. म्हणजे लांब केबल निर्दोष, उगाच तिच्यावर संशय घेतला.

मग राहिली वीज. ती रिव्हर्स लाइटच्या वायरवरून घेतलेली असते, गिअर पडला की लाइटबरोबर कॅमेराही जागा होतो. लाइट तर लागत होता (एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, तो तपासतात, २००९ च्या सप्टेंबरनंतरची गाडी असेल तर, कॅमेऱ्याला कोणी विचारत नाही). खरं म्हणजे हे दोन माणसांचं काम, एकाने पुढे गिअर टाकायचा, दुसऱ्याने मागे मीटर धरायचा. मी चाकाखाली विटा लावल्या, इग्निशन ऑन, इंजिन बंद, गिअर रिव्हर्समध्ये टाकून पळत मागे. मीटर लावला, १२.३ व्होल्ट. झकास. म्हणजे कॅमेराच मेला असं धरून मी ऑनलाइन नवीन शोधायला पण लागलो, १२० पौंड, पाहून परत मोबाइल खिशात.

चहा घेताना डोक्यात आलं की वायर मोकळी असताना मीटर काहीही दाखवेल. म्हणून कॅमेरा जोडलेला ठेवून परत मीटर लावला तर ४.१. काढला की परत १२.३. जोडला की ४.१. खात्री करायला जुना २१ वॅटचा बल्ब लावला तर त्याची तार लाल सुद्धा झाली नाही. वायर नुसती लटकत असली तर सगळं उत्तम, काम सांगितलं की बसली. मी पण फोनवर "मी मस्त आहे गं, जेवलो" असंच सांगतो. हसू आलं एकट्यालाच.

दिव्याचं कव्हर काढल्यावर चोर सापडला. ज्याने कॅमेरा बसवला त्याने वायर न सोलता दाबून बसवायची ती निळी प्लास्टिकची क्लिप वापरलेली, आत पाणी गेलेलं. वायर ओढली तर तुटून हातात आली, आणि तांब्याच्या जागी हिरवी पूड, देव्हाऱ्यातल्या न घासलेल्या पळीवर असते तशी. दोनशे पौंड घेतले होते बसवायचे.

पण कॅमेरा घ्यायची घाई माझीच होती ना.

२०२२, वेल्स, बाला गावाजवळची ती तळ्याकाठची कॅम्पिंगची साइट. ही मागे उभी, येऊ दे, येऊ दे, येऊ दे, आणि मग गाडीच्या बॉडीवर दोन थापा. आता दोन म्हणजे काय? एसटीत वाढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, एक घंटी थांब, दोन घंट्या चल. मी चाललो. मागे दगडी खांब होता. तिच्या मते दोन थापा म्हणजे बास, बास. खांबाला काही झालं नाही. पण आम्ही त्या रात्री इतके भांडलो की शेजारच्या टेंटवाल्यांनी सकाळी गुड मॉर्निंग पण केलं नाही. घरी आल्याच्या आठवड्यात मी कॅमेरा बसवून घेतला आणि हिला स्क्रीन दाखवून म्हणालो, "हे बघ, आता तुला उतरायलाच नको." मोठा पराक्रम केल्यासारखा. ती "बरं" म्हणाली.

ते "बरं". तेव्हा मला वाटलं की पावसात उतरायला नको म्हणून खूश झाली. त्यानंतर प्रत्येक साइटवर मी रिव्हर्स घेत असताना ती शेजारच्या सीटवर मोबाइल बघत बसायची, आणि मला वाटायचं, किती शांत झालंय सगळं.

आमचं लायसन्स १९९७ नंतरचं, त्यामुळे सामानासकट गाडी ३५०० किलोच्या वर गेलेली चालत नाही, आणि तिचा कुकर, पोळपाट, पाच किलो आटा यावरून दर वेळी वाद. सध्या गाडी हलकी आहे.

जाऊ दे. दोन्ही बाजूंना चांगलं तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापली, तुकडा घालून सोल्डर केली, वर हीट श्रिंक, टेप. कॅमेऱ्याजवळ एक छोटी पांढरी वायर उगाच लूप होऊन लोंबत होती, ती पण कापून टाकली, जरा नीटनेटकं दिसावं म्हणून. संध्याकाळी पुढे येऊन गिअर टाकला आणि चित्र आलं! कुंपण, विटा, कचऱ्याचा हिरवा डबा, एकदम स्वच्छ. नाचायचाच बाकी होतो. मग लक्षात आलं की डबा तर उजवीकडे आहे आणि स्क्रीनवर डावीकडे. ड्रॉवरमधून कॅमेऱ्याबरोबर आलेला कागद शोधून काढला. पांढरी लूप कापल्यास चित्र उलटे होईल, फक्त पुढे लावायच्या कॅमेऱ्यासाठी. वा.

हिला व्हिडिओ कॉल लावला, नाशकात साडेदहा वाजलेले पण जागीच होती. "दाखव," म्हणाली. मोबाइल घेऊन मागे गेलो, वायर दाखवली, सोल्डर दाखवलं, कापलेली लूप दाखवली, त्यावर जी हसली ती पदर तोंडाला लावून, आई झोपल्या होत्या. मग एकदम म्हणाली, "तो ओरखडा अजून तसाच ठेवलायस?"

"हो, राहिला."

"मी दोन थापा मारल्या होत्या."

"एसटीत दोन म्हणजे चल."

"आपण एसटीत होतो का?"

तीन वर्षं मी या भांडणात बरोबर होतो आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. नव्हतो एसटीत. वेल्समध्ये होतो, पाऊस होता आणि ती छत्री न घेता उतरली होती.

"मग इथून पुढे एकच मार," म्हणालो, "एक म्हणजे थांब."

"आणि तो तुझा कॅमेरा?"

"तो उलटा झालाय."

ती "बरं" म्हणाली. हे आधीचंच होतं की दुसरं, कळलं नाही, तिकडचं नेटवर्क जात होतं. आणि आता बाहेर पाऊस सुरू झालाय आणि सोल्डरिंगचं सगळं सामान बंपरवरच राहिलंय.