मोठ्या झाडांखाली फुलझुडपं लावताना

मोठ्या झाडांच्या सावलीत लावलेलं झुडूप वाळलं की दोष सावलीला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. हलक्या सरी वरच्या पानोऱ्यातच अडकतात, आणि खाली जे पोचतं ते झाडाची मुळं ओढून घेतात. ही मुळं खूप खोल गेलेली असतात असं आपण धरून चालतो. पण पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या 30 ते 45 सेंटिमीटरमध्येच पसरलेली असतात, म्हणजे नेमकी आपण खड्डा घेणार तिथेच.

म्हणून रोप लहान घ्यावं. 2-3 लिटरच्या कुंडीतलं पुरतं. मोठं, फुलांनी लगडलेलं रोप मोह पाडतं, पण त्याला खड्डा मोठा लागतो, झाडाची मुळं जास्त तुटतात आणि पहिल्या उन्हाळ्यात त्याची तहान भागवता भागवता नाकी नऊ येतात. लहान रोप काही वर्षांत त्याला गाठतं.

जागा ठरवताना वसंतातलं ऊन फसवतं. पानगळीच्या झाडांना पालवी फुटायच्या आत सगळं अंगण उजळलेलं असतं. तीच जागा उन्हाळ्यात अंधारी होते. फांद्यांचा विस्तार बघून अंदाज घ्यावा. सकाळचं दोन-तीन तास ऊन किंवा दिवसभर चाळणीतून पडल्यासारखा उजेड मिळाला, तर अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, पिएरिस, ओकलीफ हायड्रेंजिया ही सगळी खूश असतात. कॅमेलिया मात्र पूर्वेच्या उघड्या बाजूला नको. रात्री गोठलेल्या कळीवर सकाळचं ऊन थेट पडलं की ती झपाट्याने वितळते आणि तपकिरी पडते.

झाड कोणतं आहे तेही बघावं. ओकखाली काम त्यामानाने सोपं. मेपल आणि बीचची मुळं वरच्या थरात दाट जाळं विणतात. काळ्या अक्रोडाजवळ अझेलिया-ऱ्होडोडेंड्रॉन लावूच नयेत, त्याच्या मुळांतून येणारं जुग्लोन नावाचं रसायन त्यांना मारक ठरतं.

मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) आधी तपासा. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, कॅमेलिया, पिएरिस यांना साधारण 4.5 ते 6 लागतो. त्याहून बराच वर असेल तर लोह जमिनीत असूनही रोपाला मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गंधक घालून सामू उतरतो, पण त्याला महिने लागतात. चुनखडीच्या जमिनीत हा खटाटोप न केलेलाच बरा. तिथे महोनिया किंवा व्हायबर्नम लावावं.

जमीन वाफशावर आली, म्हणजे ओलसर पण चिकट नाही अशी झाली, की लावणी. चिकट ओल्या मातीत खड्डा घेतला तर त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात. पहार न घेता खुरप्याने चाचपत उकरा, आणि अंगठ्यापेक्षा जाड मूळ लागलं तर ते तोडण्यापेक्षा खड्डा हातभर सरकवा. रुंदी हुंडीच्या, म्हणजे कुंडीतून निघणाऱ्या मुळं-मातीच्या गोळ्याच्या दुप्पट, खोली हुंडीपेक्षा कणभर कमीच.

आता हुंडी. अझेलियाची हुंडी कुंडीतून काढली की केसांसारख्या बारीक मुळांचा तपकिरी नमदा हाती येतो. ती एकदा कोरडी पडली की वरून ओतलेलं पाणी बाजूने निथळून जातं आणि आत कोरडं ठाक राहतं. म्हणून कुंडीसकट बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग चाकूने बाजूंना तीन-चार उभे काप द्या, मुळं बोटांनी बाहेर ओढा. हे टाळलं तर दोन वर्षांनीही रोप कुंडीच्या आकाराच्या गोळ्यासकट अलगद उपटून येतं. हुंडीचा माथा जमिनीच्या 2-3 सेंटिमीटर वर राहू द्या. खोल गाडलेलं ऱ्होडोडेंड्रॉन गुदमरतं.

काढलेल्या मातीत कुजलेला पालापाचोळा फार तर एक तृतीयांश मिसळा. खड्डा नुसत्या खताने भरला तर भारी जमिनीत त्याचं तळं होतं आणि मुळं कुजतात. रासायनिक खत लावताना नकोच. वरून 5 ते 8 सेंटिमीटर पानांचं किंवा पाइनच्या सालीचं आच्छादन पसरा, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. भर घालून जमीन उंचावू नका, मोठ्या झाडाची मुळं दबतात.

पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा, रोपामागे साधारण 10 लिटर, हळूहळू जिरू द्यावं. पाऊस पडला म्हणून गाफील राहू नका, बोट खुपसून बघा. निदान दोन उन्हाळे ही देखभाल लागते.

छाटणीत सर्वात जास्त फुलं हकनाक जातात. अझेलिया, ऱ्होडोडेंड्रॉन, कॅमेलिया आणि ओकलीफ हायड्रेंजिया पुढच्या वर्षीच्या कळ्या याच वर्षी धरतात. त्यामुळे फुलं सरताच काय ते कापावं, हिवाळ्यात नाही. पॅनिक्युलाटा हायड्रेंजिया नव्या फुटव्यावर फुलतं, त्याला हिवाळ्याच्या शेवटी कात्री चालते. शेळ्या किंवा कुत्री मोकळी फिरत असतील तर ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया आणि पिएरिस त्यांच्या तोंडापासून दूर लावा किंवा कुंपण घाला. तिघांचीही पानं विषारी असतात, छाटलेल्या फांद्यासुद्धा तिथे पडू देऊ नका.