मे महिन्यात गोधडी

बीड जिल्ह्यात मे महिना म्हणजे कॅज्युअल्टीला दुपारभर एक तर उन्हाचा झटका नाहीतर गॅस्ट्रो, तिसरं सहसा काही येत नाही. कारखान्यांचे पट्टे पडलेले, म्हणजे गाळप हंगाम संपलेले असतात, ऊसतोडीच्या टोळ्या गावी परत आलेल्या असतात, टँकरचं पाणी चालू झालेलं असतं, आणि आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जुलाब-उलट्यांना सलाईन लावायचं, दोन-तीन बाटल्यांत माणूस उठून बसला की बेड रिकामा करून पुढचा घ्यायचा, एवढंच चाललेलं असतं.

त्या दिवशी १०८ मधून एक बाई उतरवली ती गोधडीत गुंडाळलेली. बाहेर ४२ डिग्री, आमचे वॉर्डातले मामा बनियनवर उभे, आणि ही बाई गोधडीच्या आत कुडकुडत नव्हती पण गोधडी सोडायलाही तयार नव्हती. केसपेपरवर वय ३५, दिसायला मात्र चेहरा पांढराफटक, किंचित सुजल्यासारखा, ओठांच्या आणि डोळ्यांच्या कडेला बारीक बारीक सुरकुत्या. सासू म्हणाली तीन दिवसांपासून उलट्या, दोनदा जुलाब झाले, आणि सकाळपासून बोलंना.

बॉण्डवर नवीनच आलेली एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर होती ड्युटीला, हुशार मुलगी. तिने थंडी म्हटल्यावर मलेरियाची किट काढली होती, पण टेंपरेचर घेतलं तर ९५, ताप सोडाच नॉर्मलच्याही खाली. पल्स ५२. बीपी ७०/४०. आता गॅस्ट्रोमध्ये पाणी कमी होऊन बीपी पडला असेल तर पल्स १२० च्या पुढे पळत असते, ही ५२ वर निवांत बसलेली, तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. आरबीएस, म्हणजे रक्तातली साखर बघितली तर ४१. डायबेटिस नाही, साखरेची कुठली गोळी नाही, मग ४१ का? डी-२५ हे साखरेचं इंजेक्शन दिलं, बाई डोळे उघडून नाव सांगायला लागली, सगळ्यांना हायसं वाटलं, तासाभरात परत ५८. सलाईन दोन लिटर गेलं तरी बीपी ८० च्या वर सरकायला तयार नाही.

सासूकडे एक कॅरीबॅग होती, आपल्याकडे पेशंटची फाईल म्हणजे कॅरीबॅगच. त्यात सात-आठ वर्षांचे कागद. अशक्तपणाच्या बाटल्या, लोहाच्या गोळ्या, बी-१२ ची इंजेक्शनं, मध्येच कुणीतरी डिप्रेशनच्या गोळ्या चालू केलेल्या. थायरॉईडचा संशय पण दोघा डॉक्टरांना आला होता हे दिसत होतं कारण टीएसएच ही थायरॉईडची नेहमीची रक्ततपासणी दोनदा केलेली, २.६ आणि २.९, दोन्ही वेळा खाली नॉर्मल असा शिक्का. आणि एका कागदावर जुन्या ऑपरेशनच्या रकान्यात हिस्टरेक्टॉमी लिहिलेलं.

हे वाचून कुणालाही काही वाटणार नाही. ऊसतोडीच्या बायकांची गर्भाशयं काढायचा प्रकार २०१९ ला पेपरात गाजला, पण आम्हाला त्याआधीपासून माहीत होता, तिशीतली बाई आली आणि पाळी येत नाही म्हणाली की लिहिणारा विचारतसुद्धा नाही, पिशवी काढलेली असं धरूनच चालतो. आमच्या सिस्टर मात्र कॅथेटर घालून आल्या आणि म्हणाल्या, "सर, पिशवी काढलीय म्हणतात पण पोटावर टाका कुठंय? आणि अजून एक, काखेत आणि खाली केस अजिबात नाहीत हिला. काढलेले नाहीत, नाहीतच."

एमओ म्हणाली खालून काढली असेल पिशवी, तसंही करतात. करतात, खरंय. मी सासूला बाजूला घेतलं, म्हटलं मावशी, सुनेची पिशवी कधी काढली?

"पिशवी कशाला काढायची? तिला पाळीच येत न्हाई तर. बारकं पोरगं झालं तवापासून बंदच हाय."

बारकं पोरगं नऊ वर्षांचं. म्हणजे सव्विसाव्या वर्षी पाळी गेली आणि नऊ वर्षांत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. घरच्यांना तर नाहीच, टोळीतल्या बाकीच्या बायका उलट हिला नशीबवान म्हणायच्या असं सासूच सांगत होती.

मग विचारलं बाळंतपण कुठे झालं. कारखान्यावर, कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत. टोळीतल्याच दोघीतिघींनी केलं, पोर नीट झालं पण वार पडेना, रक्त थांबेना, पहाटे उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तालुक्याला नेलं तेव्हा बेशुद्ध होती. दोन बाटल्या रक्त चढवलं, वाचली. आठवड्याने परत कोपीत.

"मावशी, पोराला अंगावर पाजलं का हिने?"

"कुठलं वो, दूधच आलं न्हाई. एक थेंब न्हाई. शेळीच्या दुधावर वाढलंय पोरगं."

खरं सांगायचं तर माझ्यासाठी निदान इथेच झालं, पुढचे सगळे रिपोर्ट नंतर नुसते शिक्के मारायला आले. शीहान सिंड्रोम. पुस्तकात सगळे वाचतात, परीक्षेत लिहितात, आणि पेशंट समोर गोधडी घेऊन बसला की कुणाला आठवत नाही.

झालं काय ते सांगतो. मेंदूच्या तळाला, नाकाच्या मागच्या बाजूला हाडाच्या एका खोबणीत पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या पुढच्या भागातून निघणाऱ्या हार्मोन्सवर थायरॉईड, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी आणि अंडाशय हे तिन्ही चालतात, शिवाय दूध आणणारं प्रोलॅक्टिन आणि ग्रोथ हार्मोन ती स्वतःच सोडते. गरोदरपणात ही ग्रंथी चांगलीच फुगते, कारण दुधाची तयारी करणाऱ्या पेशी वाढतात. पण तिच्या पुढच्या भागाला रक्त येतं ते मुख्यतः कमी दाबाच्या बारीक शिरांमधून. त्यामुळे बाळंतपणात भरमसाट रक्त गेलं, बीपी पडला, की नेमकी हीच वाढलेली ग्रंथी उपाशी राहते आणि तिचा पुढचा भाग मरतो. मागच्या भागाला वेगळ्या धमनीचं रक्त असतं म्हणून तो बहुतेक वेळा वाचतो. हॅरोल्ड शीहान हा ग्लासगोच्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होता, तिथे बाळंतपणात गेलेल्या बायकांची पोस्टमार्टेम करता करता त्याने हे १९३७ साली नीट मांडलं. तिकडे आता हा आजार क्वचित दिसतो, कारण तिकडे बाळंतीण ट्रॉलीत नेत नाहीत. आपल्याकडे काश्मीर खोऱ्यात झालेला एक सर्व्हे २००५ ला छापून आला होता, त्यात बाळंतपण झालेल्या विशीपुढच्या बायकांमध्ये शंभरात साधारण तिघींना हा आजार असावा असा अंदाज निघाला होता.

तर आता हातात काय होतं? कॉर्टिसोलचा रिपोर्ट शहरातून यायला दोन दिवस, आणि बाईकडे दोन दिवस नव्हते. ॲड्रिनलमधून निघणारं कॉर्टिसोल हे रोजच्या आयुष्यात थोडंथोडं, पहाटेच्या सुमारास जास्त असं चालू असतं, आणि आजारपणात, उलट्या-तापात शरीर ते कितीतरी पटीने वाढवतं, त्यावरच बीपी आणि साखर टिकते. हिला इतकी वर्षं जेमतेम पुरेल एवढं निघत असणार, साधा गॅस्ट्रो झाला आणि ते संपलं. रक्ताचं सँपल काढून ठेवलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. हे इंजेक्शन दम्याच्या पेशंटसाठी आमच्या ट्रेमध्ये कायम पडलेलं असतं, त्यासाठी कुठे धावावं लागत नाही.

एमओ म्हणाली सर थायरॉईड पण बंद आहे ना हिचं, थायरॉक्सिन पण लगेच चालू करूया. मी म्हटलं हात लावू नकोस. कॉर्टिसोल नसलेल्या माणसाला आधी थायरॉक्सिन दिलं तर शरीराचा वेग वाढतो, कॉर्टिसोलची गरज वाढते, असलेलं थोडंफारही लवकर संपतं, आणि पेशंट आपल्याच गोळीने शॉकमध्ये जाऊ शकतो. आधी स्टिरॉईड, मग थायरॉईड, हा क्रम उलटा करायचा नाही. तिने विचारलं, पण टीएसएच तर नॉर्मल होता दोनदा? चांगला प्रश्न होता. टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोनच नाही, ते पिट्युटरीचं. थायरॉईड ग्रंथी स्वतः बिघडली तर पिट्युटरी ओरडून ओरडून टीएसएच वाढवते आणि रिपोर्टमध्ये पकडलं जातं. इथे ओरडणारीच गेलेली. अशा वेळी टीएसएच कमी येतो किंवा चक्क नॉर्मल येतो, आणि खरं काय ते फ्री टी-४ मध्ये, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या हार्मोनमध्ये दिसतं. नंतर आला तो ०.३, नॉर्मल साधारण ०.८ च्या पुढे. शंभर-दोनशे रुपये वाचवायला नुसता टीएसएच करायची आपल्याकडे जी पद्धत आहे ती बहुतेक पेशंटना चालते, उरलेल्यांत अशी एखादी अडकते.

संध्याकाळपर्यंत बीपी १००/६०, साखर ११०, बाई बोलायला लागली, चहा मागितला. गोधडी मात्र सोडली नाही, ते काम थायरॉईडचं, त्याला आठवडे लागतात.

खरी झोप उडवली ती सोडियमने. आल्या वेळी ११४ होतं, पोटॅशियम मात्र ४.१, एकदम ठीक. हा पण एक पुरावाच, कारण ॲड्रिनल ग्रंथीच खराब असेल, ज्याला ॲडिसन म्हणतात, तर पोटॅशियम वाढतं आणि कातडी काळी पडते. हिची ॲड्रिनल शाबूत, तिला हुकूम देणारं कुणी नाही, त्यामुळे मीठ-पोटॅशियम सांभाळणारं आल्डोस्टेरॉन चालू, आणि उन्हात राबून पण बाई पांढरी. सोडियम कमी का, तर कॉर्टिसोल नसलं की शरीर पाणी सोडत नाही. म्हणजे आता कॉर्टिसोल दिल्यावर ते धरून ठेवलेलं पाणी धडाधड सुटणार आणि सोडियम झपाट्याने वर जाणार, आणि सोडियम झपाट्याने वर गेलं की मेंदूला कायमची इजा होऊ शकते, माणूस वाचतो पण हातपाय आणि बोलणं जातं. चोवीस तासांत आठच्या वर चढू द्यायचं नाही. रात्री दहाला युरीनची पिशवी भरायला लागली. समोरच्या प्रायव्हेट लॅबवाल्याला उठवलं, ११८. पहाटे परत उठवलं, तो बिचारा काही बोलला नाही, १२१. नॉर्मल सलाईन बंद करून डी-५, म्हणजे मीठ नसलेलं साखरेचं सलाईन चालू केलं, तासातासाला युरीन मोजत बसलो. सकाळी राउंडच्या वेळी १२२ वर थांबलं होतं. मोजत बसण्याचं काम निम्मं सिस्टरांनीच केलं हे सांगायला पाहिजे.

कॉर्टिसोलचा रिपोर्ट आला, १.४. एवढ्या आजारी माणसात १८ च्या वर हवं. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी एमआरआय झाला, ग्रंथीच्या जागी खोबण जवळपास रिकामी.

नवऱ्याला समजावताना मला नेहमीचे शब्द पुरेनात. शेवटी त्याला म्हटलं, तुमच्या टोळीत मुकादम नसला तर काय होईल? कोयते आहेत, ऊस आहे, माणसं धडधाकट आहेत, पण कुठल्या फडात जायचं हे सांगायला कुणी नाही. हिच्या डोक्यातला मुकादम त्या बाळंतपणात गेला. तो लगेच म्हणाला, "मग कोयते बसूनच राहणार की." आणि मग जरा थांबून, "पण साहेब, मुकादम दुसरा भेटतो." म्हटलं हा नाही भेटत, आपण गोळ्यांनी थेट कोयत्यांचंच काम करायचं, रोज, आयुष्यभर.

सकाळी प्रेडनिसोलोन, चार-पाच दिवसांनी थायरॉक्सिन अगदी कमी डोसवर. स्टिरॉईड शब्द ऐकल्यावर सासू बिथरली, कारण शेजारच्या गावात गुडघेदुखीला सुया घेऊन तोंड सुजलेल्या बायका तिने बघितल्यात. तिची भीती चूक नाही. बाहेरून भरमसाट स्टिरॉईड गेलं की पिट्युटरीला वाटतं पुरेसं आहे आणि ती ॲड्रिनलला हुकूम देणं बंद करते, मग सुई अचानक थांबवली की तो माणूस हिच्यासारखाच बीपी पडून आमच्याकडे येतो, असे वर्षाला काही बघतोच आम्ही. पण तिथे नको असलेलं दिलं जातं, इथे नसलेलं भरून काढतोय, हे पटवायला तिला तीन वेळा बसवावं लागलं. ताप आला तर गोळी दुप्पट, उलटी होऊन गोळी पडत असेल तर इंजेक्शन, ते कुठल्याही दवाखान्यात मिळतं, हे एका कार्डावर मोठ्या मराठी अक्षरात लिहून प्लास्टिकमध्ये घालून दिलं.

सप्टेंबरला आली तेव्हा मी ओळखलं नाही आधी. साडीवर स्वेटर नाही, चालत आलेली, बारकं पोरगं बरोबर. म्हणाली नऊ वर्षांत पहिल्यांदा भाकऱ्या थापून दमले नाही. टोळी निघायची होती, मुकादमाची उचल घेतलेली, जाऊ का म्हणून विचारायला आली होती. मी नको म्हणून उपयोग नव्हता, उचल फिटल्याशिवाय सुटका नसते हे तिलाही माहीत आणि मलाही. हायड्रोकॉर्टिसोनच्या दोन व्हायल, सिरिंजा, सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या, नवऱ्याला मांडीत सुई द्यायला सिस्टरांनी शिकवलं.

एकच गोष्ट राहिली होती. इतक्या कमी वयात अंडाशय बंद पडलं की हाडं ठिसूळ होतात, म्हणून इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पण द्यायला हव्यात, त्याने पाळी परत चालू होते. मी मोठ्या हौसेने सांगितलं, ताई, तुमची पाळी पण येईल आता.

ती म्हणाली, "बाकी समद्या गोळ्या घेते डाक्टर, पण ती नगं. फडात पाळी आल्यावर पडलेला खाडा कोण भरणार?"

पाळी न येता घेता येईल अशा गोळ्या असतात, त्या आमच्या स्टोअरला नाहीत. सध्या कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी वर ठेवलंय, पट्टा पडल्यावर परत बोलू असं ठरलंय.